गारठ्याची गोष्ट, बर्लिनची ऊब

पुच्चीनीच्या ‘ला बोहेम’ या ऑपेराचं कुठलंही ध्वनिमुद्रण तपासायची माझी कसोटी साधी आहे: ऐकताना थंडी वाजली पाहिजे. गोष्टच मुळी गारठ्याची. पॅरिसमधली माळ्यावरची खोली, तिच्यात चार कफल्लक मित्र, नाताळची आदली संध्याकाळ, शेगडीत घालायला लाकूड नाही. म्हणून रोदोल्फो हा कवी आपल्या नाटकाचं हस्तलिखित जाळतो. अंक भुर्रकन पेटतात, भुर्रकन विझतात. मराठी रसिकाला वाटतं, आपलं एखादं जुनं पाच अंकी संगीत नाटक पाठवलं असतं, तर बिचाऱ्यांची रात्र तरी निघाली असती.

वाद्यवृंदसंचालक कारायान यांनी १९७२ साली बर्लिनमध्ये केलेलं डेक्काचं ध्वनिमुद्रण इथे साफ नापास. साथीला बर्लिन फिलहार्मोनिक! व्हायोलिनं अशी मखमली, की भाडं थकवणाऱ्या या चौघांना हीटर कुणी बसवून दिला, असा प्रश्न पडावा. कोलीन हा त्यांच्यातला फाटका तत्त्वज्ञ. शेवटच्या अंकात रोदोल्फोची आजारी प्रेयसी मिमी हिच्या औषधपाण्यासाठी तो कोट काढून द्यायला निघतो आणि गाणं गाऊन कोटाचा निरोप घेतो. गाणारे निकोलाय ग्याउरोव, म्हणजे व्हेर्दीच्या ‘दोन कार्लो’तले नावाजलेले फिलिप राजे. कोट कसला, स्पेनची गादीच गहाण पडतेय असं वाटतं.

उपाशी कवी आहेत लुचानो पावारोत्ती. गाणारा दिसत नाही, हे ध्वनिमुद्रणाचे थोर उपकार! आवाज मात्र खरोखर पंचविशीतल्या पोराचा. पहिल्या अंकाच्या शेवटी पुच्चीनीने सर्वांत वरचा स्वर एकट्या मिमीला दिलाय, पण बहुतेक टेनर तोही तिच्याबरोबर लावतात. प्रेमात पडून पाव तास झालेला नाही, तोच बाईला एक स्वर एकटीने लावू द्यायची तयारी नाही!

मिमी झालेली मिरेल्ला फ्रेनी मात्र अस्सल. पावारोत्तींसारखाच तिचाही जन्म १९३५चा, मोदेनाचा. तिसऱ्या अंकात झाडाआड लपलेली मिमी, आपण वाचणार नाही हे रोदोल्फोच्याच तोंडून ऐकते आणि खोकल्यामुळे सापडते. जाणकार वरचे स्वर मोजतात. मी खोकला ऐकतो. आणि त्याच अंकाच्या सुरुवातीला बासरी आणि हार्पमधून बर्फ असा भुरभुरतो, की नापास ठरवलेल्या कारायानना मुकाट पास करावं लागतं.

तुलनेला आणखी एक संचालक घ्या, तोस्कानिनी. तुरिनला १ फेब्रुवारी १८९६ रोजी या ऑपेराचा पहिला प्रयोग त्यांनीच चालवला होता. पन्नास वर्षांनी, १९४६ मध्ये, त्यांनी तोच ऑपेरा न्यूयॉर्कच्या रेडिओवर केला. त्यात अठ्ठ्याहत्तर वर्षांचे हे गृहस्थ घोगऱ्या आवाजात गायकांबरोबर स्वतःच गुणगुणताना ऐकू येतात. खोली तिथेच खरी माळ्यावरची वाटते.

तरी एकच घ्यायचं असेल तर कारायानच घ्या, फ्रेनीसाठी. फक्त दुसऱ्या अंकात आवाज बेताने ठेवा. कॅफेतली गर्दी, कलकलणारी पोरं आणि शेवटी लष्करी बँड, सगळं एकदम येतं. शेजारी दार वाजवतात.