बत्तीस सेकंदांची आत्या

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये घर घेतलेल्या मराठी संगणक अभियंत्याच्या हाती तळघर लागलं की त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक ट्रेडमिलची, जिच्यावर पुढे कपडे वाळत घातले जातात. दुसरी होमलॅबची, म्हणजे घरीच सर्व्हर मांडून प्रयोग करण्याची. या लेखातले गृहस्थ दुसऱ्या वाटेला लागले. मूळचे सांगलीचे. दिवसभर एका बँकेचे सर्व्हर सांभाळायचे आणि संध्याकाळी विरंगुळा म्हणून स्वतःचे, असा दिनक्रम.

त्यांनी एक मिनी पीसी मागवला. इंटेलचा एन१०० प्रोसेसर, चार कोअर, चार नेटवर्क पोर्ट, पंखा नाही. त्यावर प्रॉक्समॉक्स चढवलं, म्हणजे एका यंत्राच्या पोटात अनेक व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय झाली. त्यातल्या एका मशीनमध्ये पीएफसेन्स हा फायरवॉल बसवला. पीएफसेन्स २००४ साली मोनोवॉल नावाच्या छोट्या प्रकल्पातून फुटून निघाला. तो फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतो, फुकट मिळतो, आणि त्यात इतकी बटणं आहेत की नोकरदार माणसाचे सगळे शनिवार त्यात सहज जिरतात.

"अरे, पण आधीचा राउटर चालत होता ना?" बायकोने विचारलं.

"सिक्युरिटी," गृहस्थ म्हणाले. नवऱ्यांना हा शब्द फार उपयोगी पडतो.

पहिल्याच संध्याकाळी इंटरनेट अर्धं गेलं. अर्धं जाणं हे पूर्ण जाण्यापेक्षा वाईट. पिंग व्यवस्थित जात होतं, वेबसाइट मात्र उघडत नव्हत्या. ही प्रॉक्समॉक्सवरच्या पीएफसेन्सची जुनी खोड आहे. पॅकेट वाटेत बिघडलं नाही ना, हे पाहण्यासाठी त्यावर चेकसम घालतात. पण एकाच यंत्राच्या मेमरीत इकडून तिकडे जाणाऱ्या पॅकेटवर तो भरायची तसदी व्हर्च्युअल नेटवर्क कार्ड घेत नाही. माजघरातून ओसरीवर पाठवलेल्या चिठ्ठीला कोणी लाखेचा शिक्का मारतं का? फायरवॉल मात्र नियमाचा पक्का. शिक्का नाही, म्हणजे चिठ्ठी खोटी, फेका! उपाय एका चौकोनात बरोबरची खूण करण्याइतका सोपा होता. पण तो शोधायला इंटरनेट हवं आणि इंटरनेट फायरवॉलच्या पलीकडे. शेवटी बायकोच्या मोबाइलचा हॉटस्पॉट मागावा लागला. तिने तो दिला, पण आधी दोन क्षण नुसतं पाहिलं.

खरी परीक्षा फोनने घेतली.

आता व्हॉट्सअ‍ॅपच्या काळात घरी टेबलावरचा फोन कशाला, असं कोणी विचारेल. त्याचं उत्तर सांगलीत राहतं. गृहस्थांच्या आत्या मोबाइलला हात लावत नाहीत, कारण तो कानाला गरम लागतो. त्यांचा विश्वास लँडलाइनवर. म्हणून गृहस्थांनी भारतात बोलण्याची सोय देणाऱ्या एका कंपनीचा इंटरनेट फोन घेतला होता. जुन्या राउटरवर तो निमूट चालायचा. नव्या व्यवस्थेत घंटी वाजली, आत्यांनी उचलला, आणि गृहस्थांना काहीच ऐकू येईना. आत्यांना मात्र यांचं "हॅलो, हॅलो" स्वच्छ ऐकू जात होतं. "अरे बोलतेय की मघापासून!" असं त्या तिकडे ओरडत होत्या, हे नंतर चुलतभावाकडून कळलं.

यामागचं कारण मात्र बघण्यासारखं आहे. हे फोन सिप नावाच्या पद्धतीने बोलतात. तिचं आज लागू असलेलं मूळ टिपण २००२ सालचं. फोन लावताना "माझा आवाज अमुक पत्त्यावर पाठवा" असं सांगितलं जातं. घरातल्या फोनला ठाऊक असतो तो घरातलाच पत्ता, १९२.१६८ने सुरू होणारा. असा पत्ता जगात लाखो घरांत असतो. तो घेऊन आत्यांचा आवाज निघाला तर पोचणार कुठे? शिवाय पीएफसेन्स बाहेर जाणाऱ्या पॅकेटच्या पोर्टचा नंबर आपल्या मर्जीने बदलतो. गृहस्थांनी त्याला तसं न करण्याची ताकीद दिली, फोनला बाहेरचा पत्ता शिकवला, आणि आवाज दोन्हीकडून वाहू लागला.

बत्तीस सेकंद. मग फोन कट.

पुन्हा लावला. पुन्हा बत्तीस सेकंद. एवढ्या वेळात "जेवलास का?", "थंडी आहे का?" आणि "गुडघ्याचं विचारू नकोस" इतकंच बसतं, गुडघ्याचं सविस्तर सांगणं सुरू होतं तोच लाइन जाते. सांगलीत याचा अर्थ लावला गेला. अमेरिकेत नोकऱ्या जातायत असं आत्या टीव्हीवर पाहत होत्याच. पोराने फोनचं बिल भरलं नसावं, असं त्यांनी शेजारी सांगितलं, आणि संध्याकाळी चुलतभावाचा मेसेज आला, "दादा, सगळं ठीक ना? पैसे लागले तर संकोच करू नकोस."

वास्तविक हा आकडा पाहताच जाणकाराला रोग कळतो. पलीकडून फोन उचलल्याचा निरोप आला की इकडच्या फोनने त्याची पोच द्यायची असते. पोच मिळाली नाही तर पलीकडचं यंत्र निरोप पुन्हा पुन्हा पाठवतं, आणि अर्ध्या सेकंदाच्या चौसष्टपट, म्हणजे बरोबर ३२ सेकंद वाट पाहून फोन ठेवून देतं. पोच खात होता इंटरनेट देणाऱ्या केबल कंपनीचा डबा. त्यात 'सिप एएलजी' नावाची सोय चालू होती. सिपच्या निरोपातले पत्ते मदत म्हणून दुरुस्त करायचे, हे तिचं काम. प्रत्यक्षात ती बरेचदा ते बिघडवून ठेवते. आगंतुक मदतनिसांची ही जात सगळ्याच क्षेत्रांत आढळते. गृहस्थांनी ती बंद केली.

मग आला खरखराट. इंटरनेट फोन दर २० मिलिसेकंदांना आवाजाचं एक पॅकेट सोडतो, सेकंदाला ५०. सगळ्याचा भार शंभर किलोबिटसुद्धा नाही. पण ठेका चुकलेला त्याला चालत नाही. गृहस्थांनी मात्र चार कोअरच्या यंत्रावर निरनिराळ्या मशीनना मिळून चौदा कोअर वाटून टाकले होते. मुलांची कार्टून साठवणारं मशीन कामाला लागलं की फायरवॉल आपल्या पाळीची वाट पाहत बसे. त्यांनी बाकीच्यांचे कोअर काढून घेतले, फायरवॉलचा हक्क वाढवला. खरखराट गेला.

फक्त रविवारी राहिला. रविवारी सकाळी साडेनऊ, म्हणजे उन्हाळ्यात सांगलीचे संध्याकाळचे सात, ही आत्यांची वेळ. नेमका तेव्हाच आवाज तुटायचा, अडखळायचा, आणि एक वाक्य संपून दुसरं सुरू झाल्यावर पहिल्याचं उत्तर यायचं. बोलणं सहज वाटायला एका दिशेचा उशीर दीडशे मिलिसेकंदांच्या आत हवा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं मार्गदर्शन आहे. इथे तो सेकंदावर गेला होता. फोन ठेवून गृहस्थांनी वेग मोजला की आकडे खणखणीत यायचे.

जिम गेटिस नावाच्या अनुभवी संगणकतज्ज्ञालाही २०१०च्या सुमारास आपल्या घरी हेच भूत भेटलं होतं. मोठ्या फायली बाहेर पाठवताना बाकी सगळं रखडायचं. खोदून पाहिल्यावर कळलं की मोडेम-राउटरमध्ये पॅकेट साठवायच्या जागा नको इतक्या मोठ्या केल्या आहेत. त्या तुडुंब भरतात आणि नवं पॅकेट मागे तिष्ठत राहतं. त्याने याला 'बफरब्लोट' नाव दिलं. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये त्यावर कोडेल हा तोडगा मांडला, आणि त्याचंच पुढचं रूप पीएफसेन्समध्ये आयतं मिळतं.

एडिसनमधून बाहेर काय जात होतं? टेक्ससमधल्या मेव्हण्याच्या घरी फोटोंचा बॅकअप. दर रविवारी सकाळी नऊला. ही वेळ गृहस्थांनीच निवडली होती, कारण "तेव्हा नेटवर्क मोकळं असतं". बायकोने वेळ बदलून पहाटे तीनची केली. तिला तेवढा एक चहा पुरला. तरी गृहस्थांनी कोडेल बसवलंच. अपलोडला वेगाच्या थोडा आत लगाम घातला, पूर्ण अपलोड चालू ठेवून पिंग पाहिलं, आणि ते वीस मिलिसेकंदांच्या आसपास स्थिर दिसल्यावर तळघरातून आनंदाने हाक मारली. वरून कोणी ओ दिली नाही.

आता आत्या पाऊण तास बोलतात. गुडघा, त्यावरचं तेल, ते तेल देणाऱ्या बाईची सून, सगळं एकही अक्षर न गळता एडिसनला पोचतं. प्रॉक्समॉक्सचं नवं अपडेट आल्याची सूचना पडद्यावर झळकते आहे, आणि मिनी पीसीवर बायकोच्या अक्षरातला कागद चिकटवलेला आहे: "आत्यांचा फोन होईपर्यंत कोणीही हात लावू नये. कोणीही म्हणजे तूच."