‘काल का नाही आलास?’

शिकवणीचं ॲप काढायचं ठरलं की पहिली बैठक रंगावर होते. निळा विश्वासाचा, केशरी उत्साहाचा, असं कुणीतरी कुठेतरी वाचलेलं असतं. दुसरी बैठक नावावर: ‘ज्ञान’, ‘विद्या’, ‘गुरू’ यांतलं एक घ्यायचं आणि त्याला इंग्रजी शेपूट लावायचं. तिसऱ्या बैठकीत बोलका प्राणी ठरतो. घुबड आधीच कुणीतरी पळवलेलं असल्यामुळे हत्ती की पोपट यावर दोन तास जातात, आणि पोपट म्हटलं की लोकांना पोपटपंची आठवेल या भीतीने हत्ती निवडून येतो. अभ्यासक्रमाचा विषय चहा संपता संपता निघतो आणि ‘कंटेंट काय, मिळतोच’ एवढ्यावर निकालात निघतो. गंमत अशी, की तिन्ही बैठकांमध्ये खरं असं तेवढं एकच वाक्य बोललं गेलेलं असतं. कंटेंट खरोखरच मिळतो. बालभारतीची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात, पानापानावर क्यूआर कोड असतात, केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ आणि ‘स्वयम्’ हे दोन्ही मंच २०१७ पासून आहेत, आणि पायथागोरसचा सिद्धान्त समजावून सांगणारे यूट्यूबवर इतके आहेत की खुद्द पायथागोरसला शिष्य कमी पडले असते. म्हणजे ज्ञान घरापर्यंत आलेलं आहे. मुलगा खाली खेळायला गेला आहे, एवढीच अडचण आहे. आणि माझं म्हणणंही तेवढंच आहे: शिकवणं ॲपमध्ये भरता येतं, शिकायला बसवणं भरता येत नाही, आणि पालक पैसे मोजतात ते मुख्यतः या दुसऱ्या कामाचे.

आता ॲप उघडल्यावर काय होतं ते पाहा. आधी हत्ती सोंड हलवून नमस्कार करतो. मग तो तुमचं नाव विचारतो, इयत्ता विचारतो, बोर्ड विचारतो, आवडता विषय विचारतो. सातवीतल्या मुलाला आवडता विषय विचारणं हा उघड उघड खोटं बोलायला लावण्याचा प्रकार आहे, पण ते असो. मग ध्येय विचारतो: डॉक्टर, इंजिनिअर, अधिकारी, ‘अजून ठरलं नाही’. मग मोबाइल नंबर. तो अर्थातच वडिलांचा. ओटीपी वडिलांच्या फोनवर जातो; वडील कामावर. मुलगा फोन करतो, वडील मीटिंगमध्ये. अर्ध्या तासाने ते आकडे कळवतात, तोवर ओटीपीची मुदत संपलेली. दुसरा ओटीपी, तिसरा ओटीपी, आणि मग हत्ती उत्साहाने सांगतो की आता फक्त पाच मिनिटांची चाचणी, म्हणजे तुमची पातळी कळेल. नमनाला घडाभर तेल घालणारे कीर्तनकार आपल्याकडे झाले, पण त्यांचे श्रोते निदान देवळात येऊन बसलेले असायचे. इथे पहिल्या अपूर्णांकाचं तोंड दिसायच्या आत मुलाला भूक लागते. फोन घरातल्या दोघांत मिळून एक असेल तर प्रश्नच मिटला. तो ताईच्या हाती गेलेला असतो.

हे नुसतं खालच्या इयत्तांतल्या मुलांचं खूळ आहे, असं कुणी समजू नये. २०१२ साली अमेरिकेत ऑनलाइन अभ्यासक्रमांचं असं काही वारं आलं होतं, की विद्यापीठांच्या इमारतींचं पुढे काय करायचं यावर गंभीर चर्चा होत असे. हार्वर्ड आणि एमआयटी ही दोन मातब्बर घराणी एकत्र आली, जगाला दार उघडलं. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांच्याच अभ्यासक्रमांचा हिशेब छापून आला. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी नोंदणीनंतर अभ्यासक्रमात पाऊलच टाकलं नव्हतं, आणि २०१७-१८ मध्ये अभ्यासक्रम पुरा करणारे शेकडा ३.१३ निघाले. ही मोठी, शिकलेली, आपणहून आलेली माणसं होती; शिकवणारे प्राध्यापक जगातले नामांकित होते. त्या ०.१३ चं मला विशेष कौतुक वाटतं. ॲपवाल्यांच्या जाहिरातीत सगळे आकडे गोल असतात, खरा आकडा हा असा काटेरी असतो. याच हिशेबात एक उपकलम आहे आणि विरोधक ते लगेच पुढे करतील: प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांपैकी ४६ टक्क्यांनी अभ्यासक्रम पुरा केला. म्हणजे फी घ्या, लोक शिकतील! खरं आहे, पण तिथे पैसे भरणारा आणि अभ्यास करणारा माणूस एकच होता. आपल्याकडे फीची कळ बापाच्या खिशात उठते आणि समीकरणं मुलाने सोडवायची असतात. कळ एका देहातून दुसऱ्या देहात नेण्याचं तंत्रज्ञान अजून निघालेलं नाही. म्हणून वर्षाचे पैसे हप्त्यावर भरलेले असतात आणि हप्ता तेवढा नेमाने जात असतो.

या गोष्टीची ॲपवाल्यांना कल्पना नसते असं मुळीच नाही. चांगली कल्पना असते, म्हणून तर ते बक्षिसं वाटतात. नाणी, तारे, सलग दिवसांची साखळी, फटाके. या सगळ्या आतषबाजीचं घराणं हार्वर्डमधल्या बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञापाशी जाऊन पोचतं. स्किनरची कबुतरं बटणावर चोच मारायची आणि त्यांना दाणा मिळायचा. दर वेळी मिळण्यापेक्षा अधूनमधून, केव्हा ते न कळता मिळाला, तर कबुतर जास्त चोची मारतं हे त्याने दाखवून दिलं. (दुसऱ्या महायुद्धात त्याने कबुतरांना क्षेपणास्त्राचा नेम धरायलाही शिकवलं होतं, सैन्याने पुढे नाद सोडला, पण कबुतरं तयार होती.) याच गृहस्थाने १९५४ च्या सुमारास शिकवण्याचं यंत्रही केलं. इथे त्याच्यावर अन्याय व्हायला नको. स्किनरचा आग्रह होता की विद्यार्थ्याने उत्तर स्वतः लिहावं. चार पर्यायांतून निवडणं त्याला पसंत नव्हतं. आपल्या ॲपांनी त्याच्याकडून कबुतर घेतलं आणि लिहिणं सोडून दिलं. परिणाम कुठल्याही घरात पाच मिनिटं मुलाच्या मागे उभं राहिलं तर दिसतो. प्रश्न वर आहे, त्याकडे मुलाचं लक्ष नाही. ‘अ’ दाबलं, लाल. ‘ब’ दाबलं, लाल. ‘क’ दाबलं, हिरवं. टाळ्या, फटाके, दहा नाणी, हत्ती नाचतो. प्रश्न काय होता हे विचारा, मुलगा तुमच्याकडे असं बघेल की हे विचारायचं ठरलंच नव्हतं. व्हिडिओ दुप्पट वेगाने लावलेला असतो, त्यामुळे गुरुजी बोलतात त्याहून त्यांचा खडू जास्त धावतो. रात्री वडिलांच्या फोनवर अहवाल येतो: ‘आज आपल्या पाल्याने ४२ प्रश्न सोडवले!’ दाण्याची सवय कबुतराला लागते तशी अहवालाची बापाला लागते.

‘असर’ या सर्वेक्षणाने २०२४ मध्ये ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांना फोनबद्दल विचारलं. स्मार्टफोन वापरता येणारी ८२ टक्क्यांच्या वर निघाली. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो शिक्षणाच्या काही कामासाठी वापरला होता, ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. म्हणजे यंत्र हाती आहे, वापरायची अक्कल आहे, तरीही पुस्तक आणि रील यांच्या शर्यतीत रील एकोणीस पावलं पुढे आहे. ही शर्यत मुळातच एकाच पडद्यावर लावलेली आहे, हा दोष मुलाच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

बरं, नव्या यंत्राने वर्गाची सुट्टी होणार, ही भविष्यवाणीही जुनीच. १९१३ मध्ये एडिसनने सांगितलं होतं की चित्रपटामुळे शाळेतली पुस्तकं लवकरच बाद होतील. १९७५-७६ मध्ये आपण उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांना दूरचित्रवाणीचे धडे दाखवले. १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ निघाली, २०१७ मध्ये बंद झाली. प्रत्येक खेपेला शिकवण्याची सोय सुधारली, आणि प्रत्येक खेपेला संचासमोर मुलांना बसवायला कुणीतरी गुरुजी लागलेच.

त्या मानाने गल्लीतल्या शिकवणीकडे काही नसतं. जिन्याखालची खोली, सतरंजी, एक फळा, दाराबाहेर चपलांचा ढीग. शिकवणाऱ्या ताई जे सांगतात ते पुस्तकात आहेच, बऱ्याचदा पुस्तकात अधिक बरं आहे. पण मुलगा एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी त्या मान वर करून विचारतात, ‘काल का नाही आलास?’ या एका प्रश्नाला पोट दुखत होतं, पाहुणे आले होते, आजीला दवाखान्यात न्यायचं होतं, अशी उत्तरं रचावी लागतात. आजी बाजूच्याच इमारतीत राहत असल्यामुळे आणि ताईंना ती सकाळीच भाजी घेताना भेटल्यामुळे ती टिकत नाहीत. मग वही दाखवावी लागते. ॲपही विचारतं, नाही असं नाही: ‘आम्हाला तुमची आठवण येते!’ पण ते वाक्य बोट सरकवून बाजूला करता येतं. ताई बाजूला सरकत नाहीत. त्यांच्या तोंडावर निराशा दिसते, ती आपल्यामुळे आहे हे कळतं, आणि गणिताची निम्मी प्रगती त्या लाजेपोटी होत असते. लाज हा शब्द हल्लीच्या शिक्षणशास्त्रात चालत नाही याची मला कल्पना आहे. मार, अपमान, बाकावर उभं करणं यांचं समर्थन मी करत नाही. कुणीतरी आपली वाट पाहत होतं आणि आपण गेलो नाही, एवढीच ती लाज आहे.

इथे जाणकार वाचक हात वर करतील. दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या शिकवणीच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या कार्यक्रमाचा पद्धतशीर अभ्यास झाला, २०१९ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त छापून आला, आणि साडेचार महिन्यांत मुलं गणितात आणि हिंदीत खरोखर पुढे गेली. बरोबर आहे. संशोधक त्याचं श्रेय मोठ्या प्रमाणावर सॉफ्टवेअरला देतात, तेही मला मान्य आहे, कारण आठवीतल्या मुलाला चौथीचा भागाकार येत नसेल तर ते यंत्र न चिडता त्याला चौथीचा भागाकार देतं. चाळीस मुलांच्या वर्गात गुरुजींना ते जमत नाही. फक्त ती मुलं शिकत कुठे होती ते पाहा. आठवड्यातले सहा दिवस, रोज दीड तास, केंद्रावर जाऊन. त्यात निम्मा वेळ संगणकापुढे आणि निम्मा वेळ एका शिकवणाऱ्या माणसाबरोबर, गटात. सोफ्यावर लोळत, एका डोळ्याने क्रिकेट बघत, कुणी शिकलं नव्हतं. सॉफ्टवेअर उत्तम होतं, आणि मुलगा त्याच्यासमोर होता. यातल्या पहिल्या गोष्टीवर कंपन्या करोडो खर्च करतात. दुसरीला बहुधा मुलाची आई जबाबदार असते, विनावेतन.

दुसरा आक्षेप असा, की ज्याला शिकायचंच आहे त्याचं काय? त्याला तर ॲप म्हणजे वरदान. असावं. पण शिकायचंच आहे अशा माणसांचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा मेळावा पुण्याच्या पेठांमध्ये भरतो, आणि एमपीएससी करणारी ती पोरं काय करतात? व्याख्यानं फोनवर आहेत, नोट्स टेलिग्रामवर आहेत, सराव परीक्षा ॲपवर आहेत. गावाकडच्या घरी स्वतंत्र खोली, आईच्या हातची भाकरी आणि सध्या बऱ्यापैकी नेटवर्कही आहे. तरी ती सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतात आणि अभ्यासिकेत दरमहा पैसे भरून एक खुर्ची घेतात. ती खुर्ची काही शिकवत नाही. तिच्या डाव्या-उजव्या हाताला आणखी दोन जण मान खाली घालून बसलेले असतात, आणि आपण उठलो तर त्यांना दिसेल, हा तिचा गुण. ॲपच्या किमतीची घासाघीस करणारा मुलगा या खुर्चीचे पैसे मुकाट्याने मोजतो. बाजाराला कळायला याहून स्पष्ट खूण कुठली हवी?

आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे, ती रुसेल, रागवेल, नावानिशी चौकशी करेल, असं सांगतात. करेल बिचारी. पण तिच्याशी खोटं बोलताना कान लाल होत नाहीत, आणि तिला आजी भाजीवाल्याकडे भेटत नाही. जिथे शिकवणी नाही, शाळेत दोनच शिक्षक आहेत, अशा पाड्यावर मग काय करायचं, हा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याचं उत्तर मला बोत्स्वानाच्या प्रयोगात सापडतं. करोनात तिथल्या शाळा बंद झाल्या तेव्हा सुमारे ४५०० कुटुंबांवर एक प्रयोग झाला. काहींना आठवड्याला गणितं एसएमएसने पाठवली. काहींना एसएमएस पाठवून शिवाय साधा फोन केला: पालकांना सांगायचं, मुलाला बोलवा, फोन स्पीकरवर टाका, आणि मग वीसेक मिनिटं त्याच्याकडून गणित करून घ्यायचं. नुसत्या एसएमएसने जवळजवळ काही फरक पडला नाही. फोनवाल्या मुलांचं गणित सुधारलं. २०२२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्यात रंग नव्हते, नाणी नव्हती, हत्ती नव्हता, स्मार्टफोनचीही गरज नव्हती.

तेव्हा जे कुणी या घडीला शिकवणीचं ॲप काढायच्या विचारात असतील, त्यांना एक विनंती. खर्चाच्या अंदाजपत्रकात एक ओळ वाढवा: दर आठवड्याला प्रत्येक मुलाला नावाने फोन करणाऱ्या माणसांचा पगार. गुंतवणूकदार ती ओळ खोडायला सांगतील, माणसं ठेवली तर धंदा वाढत नाही म्हणतील. तसं झालं तर त्यांना हत्ती खोडायला सांगा.