पुरातन, पण नुकतंच बांधलेलं

जर्मनीची चार-पाच शहरांची सहल केली की इतिहास भरपूर बघायला मिळतो. फक्त तो बराचसा आपल्याहून वयानं लहान निघतो. फ्रँकफर्टच्या रोमरबर्ग चौकातली ती ‘मध्ययुगीन’ घरांची रांग १९८०च्या दशकातली. नॉयश्वानस्टाइनचा परीकथेतला किल्ला? पाया १८६९चा. हौशी राजा लुडविग १८८६ मध्ये वारला आणि काही आठवड्यांतच तिथं तिकीटविक्री सुरू झाली. सुतक कसलं पाळताय!

पण खरी कमाल बर्लिनची. तिथला राजवाडा महायुद्धात भाजला. १९५० मध्ये पूर्व जर्मनीच्या साम्यवाद्यांनी तो सरंजामी म्हणून सुरुंगानं उडवला आणि पुढे त्याच जागी स्वतःचा ‘प्रजासत्ताकाचा राजवाडा’ बांधला. देश एक झाल्यावर तोही पाडला; निमित्त अ‍ॅस्बेस्टॉसचं. मग साठ कोटींहून अधिक युरो ओतून उभं काय केलं? पहिला राजवाडा! तीन बाजूंनी बरोक नक्षी, चौथी सपाट आधुनिक. आत वसाहतींतून आणलेल्या वस्तू, म्हणजे राजवाडा आपला आणि ऐवज दुसऱ्यांचा. पर्यटक नक्षीच्या बाजूला उभे राहून सेल्फी काढतात.

बर्लिनची भिंत मात्र अस्सल. १९८९ मध्ये लोकांनी ती हातोड्यांनी फोडली. २०१३ मध्ये उरलेल्या भिंतीचा थोडा भाग आलिशान इमारतीसाठी हलवायचं ठरलं, तेव्हा हजारो लोक रस्त्यावर उतरले. मागणी एकच: भिंत वाचवा.