मांडीवरच्या गिटारीला पिकअप कसा निवडावा: पळसदरीकर नवशिक्यांसाठी

नवशिका म्हणजे कोण, हे आधी ठरवून घेऊ. ज्याने गिटार आडवी मांडीवर घेतली आहे, डाव्या हातात पोलादी रॉड धरला आहे, दोन गाणी जवळजवळ बसवली आहेत आणि ज्याच्या घरच्यांनी मधलं दार लावून घेतलं आहे, तो नवशिका. अशा वेळी शहाणा माणूस रियाझ वाढवतो. आपण पिकअप घेऊ.

साहित्य: नट उंच करून तारा वर उचललेली एक लाकडी, पोकळ गिटार, रॉड, नख्या, नऊ व्होल्टची बॅटरी, घरच्यांची परवानगी (ऐच्छिक).

पायरी १. थोडा इतिहास पाठ करा.
कुणीतरी म्हणेलच, ‘आपल्या साध्या हवाईयन गिटारला वीज कशाला?’ त्याला सांगावं की विजेवरची गिटार जन्मली तीच मांडीवर. हवाई बेटांच्या संगीताचं अमेरिकेला वेड लागलं होतं, पण बँडच्या गलक्यात गिटार कुणाला ऐकू येईना. म्हणून जॉर्ज बीचम आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३२ साली अ‍ॅल्युमिनियमची, आडवी वाजवायची गिटार विकायला काढली. आकारावरून तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणू लागले. पेटंट हाती यायला १९३७ उजाडलं. उभ्या गिटारवाल्यांची मिजास नंतरची.

मग आपल्याकडची नावं घ्यावीत. सिनेमाच्या गाण्यांच्या धुना वाजवणारे व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग. १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत संतूर आणि बासरीच्या बरोबरीने गिटार घेऊन बसलेले ब्रिजभूषण काब्रा. ही नावं बोलताना सहज टाकावीत. वाजवायला बसण्याच्या ऐन आधी मात्र टाकू नयेत.

पायरी २. मूळ तत्त्व समजून घ्या.
पिकअप म्हणजे गिटारीची थरथर विजेत उतरवून कर्ण्याकडे पोचवणारा तुकडा. तो आवाज सुधारत नाही, चहाडी करतो. आजवर तुमचा बेसूर फक्त छताला माहीत होता, कारण आडव्या गिटारीचं तोंड वर असतं आणि आवाज श्रोत्यांकडे न जाता आढ्याकडे जातो. पिकअप लावला की तो गावाला कळतो. प्रत्येक जातीचा पिकअप वेगळी चहाडी करतो. तेव्हा ‘कुठला चांगला?’ हा प्रश्न दुकानदारासाठी ठेवा. स्वतःला एवढंच विचारा, की आपलं कुठलं पाप चारचौघांत गेलेलं परवडेल?

पायरी ३. मॅग्नेटिक पिकअप.
हा गिटारीच्या भोकावर आडवा बसतो. लोहचुंबकाभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं, आणि वर पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात वीज. त्याला फक्त लोखंड कळतं. लाकडाचा घुमारा, तुमचा खोकला, शेजारचा कोंबडा यांतलं काही त्याच्या कानी फारसं जात नाही. कर्ण्यातून शिट्टीही लवकर येत नाही. इथवर सज्जन.

पण ब्राँझ गुंडाळलेल्या तारांपैकी त्याला आतला पोलादी गाभाच दिसतो. परिणामी जाड तारा दबतात आणि वरच्या दोन साध्या तारा, त्यातही दुसरी, किंचाळत सुटतात. निकेल गुंडाळलेल्या तारा चढवल्या की भांडण बरंच मिटतं. दुसरं, आपल्या तारा उंच उचललेल्या असल्यामुळे पिकअप त्यांच्यापासून लांब पडतो, म्हणून खालून आधार देऊन तो वर घ्यावा. फार वर घेऊ नये. तारसप्तकात शिरलेला रॉडसुद्धा पोलादीच असतो आणि पिकअपवर आदळला तर ती मिंड राहत नाही.

पायरी ४. ‘घूं’चं काय करायचं?
मॅग्नेटिक पिकअपमध्ये एकच वेटोळं असेल तर आजूबाजूच्या विजेचा ‘घूं’ ऐकू येतो. पळसदरीकरांनी याबद्दल तक्रार करणं बरं दिसत नाही. खालच्या अंगाला खोपोलीचं वीजकेंद्र १९१५पासून, पलीकडे भिवपुरीचं १९२२पासून, आणि स्टेशनात रुळांवर पंचवीस हजार व्होल्टची तार. वीज हे आपलं स्थानिक उत्पादन आहे.

उपाय दोन. पहिला: दोन उलटसुलट वेटोळ्यांचा हमबकर घ्यावा, त्यातले दोन घूं एकमेकांना मारतात. दुसरा फुकटचा: दिशा बदलावी. चार्जर, ट्यूबलाइटचा चोक, पंख्याचा रेग्युलेटर यांच्याकडे पिकअपचा कोन बदलला की घूं कमीजास्त होतो. गिटार मांडीवर असल्यामुळे इथे वादकालाच फिरावं लागतं. जिथे घूं सर्वांत कमी, ती तुमची शुभ दिशा. श्रोत्यांना उचलून तिकडे बसवावं.

तिसरा उपाय धाडसी लोकांसाठी. आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. पेटीवर मोजलं तर हा सूर खर्जातल्या पांढरी पाचच्या जवळपास, अर्ध्या सुराच्या साधारण तिसऱ्या हिश्शाने चढा, येतो. पांढरी पाच किंचित चढी लावा, की घूं हाच तुमचा तानपुरा. उन्हाळ्याच्या दुपारी सगळीकडे एसी सुरू झाले की ग्रिडचा षड्ज केसभर उतरतो, तेवढं सांभाळून घ्यावं.

पायरी ५. पिएझो पिकअप.
हा दाब ओळखतो. पितळेच्या चकतीवर स्फटिकाचा थर, चकती ब्रिजच्या पोटाखाली आतून चिकटवायची. तार कुठल्या धातूची, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. लाकूड मात्र तो मनापासून ऐकतो आणि लाकडावर जे जे होतं ते सगळं सांगतो: रॉड टेकल्याचा ठक्क, नखीची टकटक, शर्टाचं बटण, मांडी बदलल्याची कुरकुर. हात स्वच्छ असेल तर याच्याइतका प्रामाणिक साथीदार नाही. नवशिक्याला इतका प्रामाणिकपणा सोसेल का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

महत्त्वाची सूचना: पिएझोची केबल थेट मिक्सरच्या लाइनमध्ये खोचू नये. त्याला समोर सुमारे दहा लाख ओहमचा अडथळा लागतो; मिक्सर देतो काही हजारांचा. मग खर्ज गायब होतो आणि गिटार पत्र्याच्या डब्यातून बोलते. साउंडवाला म्हणतो गिटार हलकी आहे; तुम्ही म्हणता साउंडवाला हलका आहे. मध्ये एक प्रीअ‍ॅम्प टाकला की दोघांची अब्रू वाचते. प्रीअ‍ॅम्प बसवलेल्या बहुतेक गिटारींत जॅक खोचला की त्याची बॅटरी सुरू होते आणि काढेपर्यंत जळत राहते, म्हणून वाजवून झालं की केबल उपसावी.

पायरी ६. समोर माइक.
आवाज सर्वांत खरा, म्हणून उस्तादांना शोभतो. माइकला आवडनिवड नसते. जुलैत पळसदरीत माइक उघडलात तर प्रथम पत्र्यावरचा पाऊस, मग बेडूक, मग घाट चढणाऱ्या गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं आणि सवड उरली तर आपण, असा क्रम लागतो. आवाज वाढवाल तर कर्णा तीच बातमी माइकला परत सांगतो आणि ‘कुंऽऽ’ होतं.

पायरी ७. खरेदी.
खोपोली लोकल पकडावी. तयार पिकअप हवा असेल तर सीएसएमटीला उतरून धोबीतलावला जावं. तिथली फुर्टाडोजसारखी वाद्यांची दुकानं जुनी आहेत. नुसती चकती हवी असेल तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरावं आणि लॅमिंग्टन रोडवर सत्तावीस मिलिमीटरची पिएझो चकती मागावी. दोन घ्याव्यात, पहिली डाग देताना जळतेच. पक्कं चिकटवण्याआधी दुहेरी टेपने जागा बदलून बदलून ऐकावं. आधी फेविक्विक लावणारा माणूस पुढे बराच काळ स्वतःच्या निर्णयाचं समर्थन करत बसतो.

पायरी ८. अंतिम निवड.
ओटीवर चार माणसांसमोर वाजवणार असाल तर पिकअप नको. चार माणसं जवळ ओढून घ्यावीत, ते स्वस्त पडतं. भजनी मंडळात पेटी-पखवाजाच्या शेजारी बसणार असाल तर पिएझो आणि प्रीअ‍ॅम्प. टाळांच्या आवाजात तुमचा ठक्क तालात धरला जाईल. घरी निवांत ध्वनिमुद्रण करायचं असेल तर माइक, पण मेमध्ये. मोठ्या कर्ण्यांचा मांडव असेल तर मॅग्नेटिक, निकेलच्या तारांसह. आणि गणपतीच्या मिरवणुकीत बँजो पार्टीच्या शेजारी उभं राहायची वेळ आली, तर जो सर्वांत स्वस्त मिळेल तो घ्यावा आणि बिनधास्त वाजवावं. तिथे तुमची चहाडी ऐकायला कुणाला सवड नसते.