हाऊजीतली शिक्षणसुधारणा

मराठी माणसाला शिक्षणात आमूलाग्र बदल हवा असतो. फक्त तो आपल्या पोरापासून सुरू होऊ नये, एवढीच त्याची अट असते. माझी तीही अट नव्हती, कारण माझी दोन्ही मुलं इंग्रजी माध्यमातून शिकून केव्हाच मार्गी लागली होती. मराठी शाळा सुधारायला मी पूर्णवेळ मोकळा होतो.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं आणि मला हवी तशी सुधारणा सापडली. एकवीसपासून नव्याण्णवपर्यंतच्या संख्या त्यात आणखी एका पद्धतीने वाचायला दिल्या होत्या: वीस एक, तीस दोन, साठ तीन. कारण सरळ होतं. आपण लिहितो दशकाकडून आणि बोलतो एककाकडून. ‘पंचवीस’ म्हटलं की पोराच्या कानावर आधी पाच पडतात, ते बिचारं इमानेइतबारे आधी पाच लिहितं आणि वहीत ५२ उमटतात. वर त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव ही जोडाक्षरांची फौज आहेच. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. जुने शब्द काढलेले नाहीत, पुस्तकात दोन्ही पद्धती आहेत, हे त्या परोपरीने सांगत होत्या. पण तेवढं ऐकून घ्यायला थांबतो कोण? विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या ‘वीस’ची फोड करून झाली. व्हॉट्सअ‍ॅपवर बावनकशी सोन्याचं आणि छत्तीसच्या आकड्याचं आता काय होणार, या चिंतेने माणसं जागू लागली. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘भाषेवर घाला’ या विषयाचा सगळ्यात लांब मजकूर सेक्रेटरींनी टाकला. त्यांचा नातू लिफ्टमध्ये मला विचारत असतो, “आजोबा, अडुसष्ट म्हणजे सिक्स्टी एट की सेव्हन्टी एट?”

मी ठरवलं, नुसतं ग्रुपवर अंगठे दाखवून भागणार नाही. सुधारणा आधी आचरणात आणली पाहिजे. सुरुवात गॅसच्या नंबरापासून केली. फोनवरच्या मुलीला माझा मोबाईल नंबर सांगितला: “नव्वद आठ, वीस दोन...” असं करत शेवटपर्यंत. पलीकडे थोडा वेळ बटणांचा आवाज, मग, “काका, आकडे जास्त होतायत.” तिने नव्वद लिहून पुढे आठ लिहिले होते, वीस लिहून पुढे दोन. मी तिला दशक आणि एकक समजावून सांगू लागलो, तेव्हा ती म्हणाली, “इंग्लिशमधे सांगा ना.” सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, “तुम्हाला सिलिंडर हवाय की समाजसुधारणा?” त्या दिवशी दोन्ही मिळालं नाही.

शहाणा माणूस इथे थांबला असता. पण सुधारकाला अपयश आलं की त्याला वाटतं, व्यासपीठ लहान पडलं. मोठं व्यासपीठ सप्टेंबरात गणपतीत मिळालं. आमच्याकडे सांस्कृतिक कार्यक्रमात गणेशवंदना, लहान मुलांचे नाच आणि मग हाऊजी असते. पहिल्या दोन्हींना लोक हाऊजीसाठी जागा धरायला येतात. आकडे पुकारणाऱ्या गृहस्थांचा घसा आरतीत बसला होता. मी माईकच्या जवळच उभा होतो. योगायोगाने नव्हे.

आकडे काढण्याआधी मी दोन शब्द बोललो. पुस्तकाची बाजू मांडली, मग नॉर्वेवर आलो. त्या देशात पूर्वी आपल्यासारखंच ‘पाच आणि वीस’ म्हणायचे. टेलिफोनचे नंबर सांगताना घोळ व्हायला लागले, म्हणून तिथल्या टेलिफोन खात्याने मागणी लावून धरली आणि १९५१ मध्ये संसदेच्या संमतीने आख्ख्या देशाने ‘वीस पाच’ म्हणायला सुरुवात केली. इतकी वर्षं होऊनही तिथे कित्येक जण अजून जुन्याच रीतीने आकडे सांगतात, हा भाग मी वेळेअभावी गाळला. तिसऱ्या रांगेतून आवाज आला, “नॉर्वेत हाऊजी खेळतात का? नसतील तर आकडा काढा.”

मी पिशवीत हात घातला. “सत्तर तीन!”

सभागृहात पेनं सरसावली आणि त्या एका आकड्यात लोकांनी दोन घरं कापली, सत्तर आणि तीन. “चाळीस सहा!” चाळीसही गेले, सहाही गेले. “ऐंशी एक!” इतक्या भराभर तिकिटं भरत असल्याचा आनंद मी पूर्वी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता. माझी पद्धत लोकांना भिडतेय, असं मला वाटत होतं. पाचवा आकडा काढायच्या आत पाच-सात जण ‘जल्दी फाइव्ह’ म्हणून उठून उभे राहिले. तिकिटं तपासायला घेतली आणि एकही जुळेना. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “तुम्ही सत्तर म्हणालात, तीन म्हणालात. मी दोन्ही कापले. यात माझं काय चुकलं?” हाऊजीत खोटा दावा केला की तिकीट बाद होतं, हा नियम मी त्यांना सांगितला. त्यांनी मला माझ्याबद्दल दोन गोष्टी सांगितल्या.

एवढ्या गदारोळात एकच तिकीट बरोबर कापलेलं निघालं. ते आमच्या इस्त्रीवाल्या भाऊंच्या घरच्यांचं होतं आणि पेन त्यांच्या मुलीच्या हातात होतं. ती महापालिकेच्या शाळेत दुसरीत. ज्या पुस्तकावरून सोसायटी तीन महिने भांडत होती, ते पुस्तक सोसायटीच्या फाटकाच्या आत फक्त तिच्या दप्तरात होतं, आणि तिला त्याबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी उठत-बसत नॉर्वेचे दाखले देत होतो.

खेळ पुन्हा सुरू झाला. मी म्हणालो, “साठ तीन.” ती आईला समजावं म्हणून मोठ्याने म्हणाली, “त्रेसष्ट.” त्यावर मागून सेक्रेटरी ओरडले, “म्हणजे सिक्स्टी थ्री का?” सेक्रेटरीणबाईंनी त्यांना हळूच गप्प केलं, पण मग सगळे सेक्रेटरींच्याच उत्तरावर विसंबून राहू लागले. प्रत्येक आकडा तीनदा पुकारला जायचा: मी नव्या मराठीत, पोरगी जुन्या मराठीत आणि भाषारक्षक इंग्रजीत. एका आकड्याला जेवढा वेळ लागत होता, तेवढ्यात नेहमीच्या गृहस्थांचे चार आकडे झाले असते. कमिटीतल्या कुणीतरी माईकची वायर हळूच काढल्याचं मला बऱ्याच उशिरा समजलं, कारण मी त्या वेळी हावभावांसह शिकवत होतो.

शेवटी कुठून तरी पांढरा फळा आणला आणि मुलीला वर बोलावलं. ती यायला तयार नव्हती. तिला ‘जल्दी फाइव्ह’ची पाण्याची बाटली आधी हवी होती, कारण तिचे पाच आकडे केव्हाच झाले होते आणि माझ्या भाषणांत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. बाटली हातात पडल्यावर ती खुर्चीवर चढली. माझ्याकडून गोटी घ्यायची, फळ्यावर मोठ्ठा आकडा काढायचा, बास. बोलायचं काही नाही. खेळ असा पळाला की प्रसादाचा शिरा गरम असताना फुल्ल हाऊस लागलं.

मला फळा पुसायला दिला होता.

“काका, नीट पुसा ना,” काकू खालून ओरडल्या, “मागचा सात दिसतोय अजून!”