मूळचे कुठले?

बंद पडलेला राउटर घेऊन दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलात, तर तो ते लगेच हातात घेत नाहीत. आधी तुम्हाला तपासतात. "आपण कुठले?" मी म्हटलं, कांदिवली. "ते वर छापलेलं झालं. मूळचे?" मग करता काय, आणि शेवटी, आवाज जरा खाली आणून, मिळतात किती. तिन्ही उत्तरं मिळाली की राउटर टेबलावर येतो.

चिपांशीही काका याच क्रमाने बोलतात. राउटर, टीव्ही, लॅपटॉप, बहुतेकांच्या बोर्डावर आठ पायांची एक इवलीशी फ्लॅश मेमरी असते. चालू झाल्यावर काय करायचं ते तिच्यात भरलेलं असतं. तिच्या पाठीवरचा नंबर काका भिंगातून वाचतात आणि तिथेच सोडून देतात. प्रोग्रामर नावाचं यंत्र जोडून तिलाच विचारतात. प्रोग्रामरने ९एफ ही आज्ञा धाडली की चिप तीन बाइट परत देते: ईएफ, ४०, १८. ईएफ म्हणजे तैवानची विनबॉन्ड. हे कंपन्यांचे क्रमांक जेडेक नावाची संस्था वाटते, स्वतःच्या मर्जीने कुणी लावत नाही. ४० हा प्रकार. आणि १८ हे माप. ते सोळाच्या पद्धतीतलं, म्हणजे आपलं २४. दोनाचा चोविसावा घात. "एक कोटी सदुसष्ट लाख सत्त्याहत्तर हजार दोनशे सोळा बाइट," काका एका दमात म्हणतात. आपण त्याला सोळा एमबी म्हणून मोकळे होतो. चीनच्या गिगाडिव्हाइसची तेवढीच चिप सी८, ४०, १८ असं सांगते. "आडनाव तेवढं वेगळं. पगार तोच."

तरुणपणी काका अंधेरीला सीप्झमध्ये होते. तेव्हाच्या ईप्रॉम या मेमरी चिपची ओळख वाचायची तर ए९ या पायावर १२ व्होल्ट द्यावे लागत. "पाच व्होल्टवर चालणारी चिप, आणि नाव विचारायला बारा!" हे ते अशा थाटात सांगतात, की वरचे सात व्होल्ट त्यांनी घरून डब्यात नेले असावेत.

लिहिलेल्यावर विश्वास ठेवायचा नाही हा बाणा दुकानालाही लागू आहे. बोरिवली पश्चिमेच्या त्या गाळ्यावर अजून 'शुद्ध तुपातील मिठाई व फरसाण' अशी आधीच्या भाडेकरूची पाटी आहे. दिवाळीत लोक चकली मागतात. काका त्यांनाही विचारतात, आपण कुठले.

माझ्या राउटरची चिप मेलेली निघाली. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या नव्या चिपांतली एक दुकानातल्या पोऱ्याने प्रोग्रामरच्या सॉकेटात बसवली. पडद्यावर एफएफ, एफएफ, एफएफ.

"बोलत नाहीये," पोऱ्या म्हणाला. "काका, आयडी चेकची टिक काढू? राइट होऊन जाईल."

काकांनी चष्मा काढला. "कोण आहे ते माहीत नाही, आणि तू लिहायला बसणार? उद्या लग्नपत्रिकाही अशीच छापशील!"

चिप सॉकेटात जरा तिरकी बसली होती, एवढंच. काकांनी ती उचलून नीट दाबली. ईएफ, ४०, १६.

दुकान गप्प झालं. पाठीवर छापलं होतं १२८ मेगाबिटचं, आणि आत निघाली ३२ची. म्हणजे सोळाच्या जागी चार एमबी. मला वाटलं, काका आता भडकणार. ते तर खुलले. नखाने पाठ खरवडून बघितली, पोऱ्याला दाखवली, मला दाखवली, शेजारच्या झेरॉक्सवाल्याला बोलावून दाखवली. "घासून नवं नाव छापलंय लेकांनी! पण पोटातलं कसं पुसणार?" मग त्यांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, आम्हा सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

"तुमच्याकडची चिप आहे. वर एक आणि आत भलतंच!"

"कोण बोलतंय?"

काकांनी नाव सांगितलं. पलीकडे ओळख पटेना. आडनाव सांगितलं. मूळ गाव सांगितलं. सीप्झमधली नोकरीसुद्धा सांगून झाली.

"कोण हो नक्की?"

काकांनी आमच्याकडे पाठ केली, स्पीकर बंद केला आणि हळूच म्हणाले, "अहो, बोरिवलीचा फरसाणवाला."