फट जाते कुठे

शिम म्हणजे दोन भाग बोल्टने जोडताना मधे सरकवायची पोलादी पत्र्याची चपटी पट्टी. डुगडुगत्या टेबलाच्या पायाखालची कागदाची घडी ही तिची गरीब बहीण. नालेसारखी एका बाजूने उघडी असल्यामुळे बोल्ट पुरता न काढता, नुसता सैल करून ती आत ढकलता येते. जाडी साधारण इंचाचा बत्तिसावा, सोळावा किंवा आठवा भाग, म्हणजे ०.८, १.६ किंवा ३.२ मिलिमीटर. एवढ्याशा पट्टीत धडधाकट माणसाचे लागोपाठ सहा रविवार खाण्याची ताकद असते.

शेव्हरोलेची १९६७ ते १९७२ या काळातली सी-१० पिकअप अमेरिकेत आजही घरोघरच्या गॅरेजांत खोलली जाते. त्यातल्या काही परत जोडल्याही जातात. केबिन, दरवाजे, मडगार्ड, बॉनेट आणि मागचा हौदा हे सगळे सुटे भाग. कारखान्यातही ते पहिल्या फटक्यात जुळत नसत, तेव्हाही शिम घालाव्याच लागत. त्यामुळे डावीकडे तीन आणि उजवीकडे एकच शिम निघाली, तर दोन हरवल्या असे समजू नये. गाडी जन्मतःच तशी. खोलताना प्रत्येक बोल्टच्या शिम वेगळ्या पिशवीत ठेवून वर चिठ्ठी लावावी, असे जाणकार सांगतात. प्रत्यक्षात त्या सगळ्या बिस्किटाच्या एकाच डब्यात जातात.

जुळणीआधी गाडी सपाट जमिनीवर, स्वतःच्या चाकांवर उभी हवी आणि इंजिन जागेवर हवे. चेसिसचे दांडे ओझ्याने किंचित वाकतात. घोड्यांवर चढवलेल्या रिकाम्या चेसिसवर दरवाजे सुरेख बसतात. गाडी खाली उतरवली की तेच दरवाजे ओळख दाखवत नाहीत. केबिनखालचे रबर नवे घालून, लागेल तिथे शिम सारून केबिन आधी पक्की करावी. पुढचे सगळे तिच्या मापाने बसते, म्हणून इथे घाई करणाऱ्याला पुढे दया मिळत नाही.

मग दरवाजा. त्याची मागची कड लोंबत असेल तर आधी तो हाताने उचलून पाहावा. खडखडला तर बिजागरीची पिन झिजलेली आहे, आणि त्यावर शिम हा उपाय नव्हे. पिन ठीक असेल तर खालच्या बिजागरीमागे शिम घालावी. बिजागऱ्यांमधले अंतर ४५ सेंटिमीटर आणि दरवाजाची लांबी ९० धरली, तर एक मिलिमीटरच्या शिमने मागची कड दोन मिलिमीटर वर येते. हा दुपटीचा हिशेब विसरणारे आधी जाड शिम घालतात, मग पातळ, मग चहा घेतात.

मडगार्ड दरवाजाला जुळवायचे, दरवाजा मडगार्डला नव्हे. दोघांमधली फट वर रुंद आणि खाली अरुंद असेल, तर पुढे रेडिएटरच्या चौकटीखाली शिम घालावी. मडगार्डचे नाक उचलले जाते, वरची कड मागे झुकते आणि फट सरळ होते. मात्र ती चौकट दोन्ही मडगार्डांची सामाईक. डावीकडचे सुधारताना उजवीकडचे, कालपर्यंत नीट असलेले, बिघडते आणि बॉनेटही तिरके होते. फट कधी नाहीशी होत नाही. सरकारी नोकरासारखी तिची बदली होते.

हे सारे रंगाआधी करायचे, मग सगळे खोलून, रंगवून पुन्हा जोडायचे. रंगालाही जाडी असते आणि ती समोरासमोरच्या दोन्ही कडांवर चढते, तेव्हा फट थोडी ढिलीच सोडावी. शिम संपल्या म्हणून नाणे वापरण्याचा मोह होतो. अमेरिकी एक सेंटचे नाणे १.५२ मिलिमीटर जाड, म्हणजे सोळाव्या भागाच्या शिमला जवळजवळ जोड. पण त्याला भोक पाडण्यात जाणारा वेळ नाण्याहून महाग पडतो.

शेवटी हौदा. चेसिस पिळवटते तेव्हा केबिन आणि हौदा एकमेकांवर घासू नयेत म्हणून त्यांच्यात बोट शिरेल एवढी फट मुळातच ठेवलेली असते. केबिनखालच्या शिमांनी केबिनची पाठ जी काही कलली असेल, ती इथे येऊन मुरते. बदल्या होत होत आलेल्या फटी इथेच निवृत्त होतात. दोन टोकांतला तीन मिलिमीटरचा फरक ओळखायला मोजपट्टी घेऊन फिरणारा शेजारी लागतो. असा एक शेजारी प्रत्येक गल्लीत असतो, आणि गाडी पहिल्यांदा बाहेर काढली जाते तेव्हा तो फाटकापाशीच उभा असतो.